भंगाराचा भाव आणि जुना ट्रॅक्टर

'भंगाराच्या भावात गेला' असं एखाद्या ट्रॅक्टरबद्दल किंवा इंजिनाबद्दल कुणी म्हणालं, की तो मातीमोल झाला असा अर्थ आपण घेतो. पण भंगाराला भाव असतो. तो दर आठवड्याला, कधी कधी तर रोज बदलतो आणि गावोगावच्या जुन्या शेतीयंत्रांच्या बाजाराला खालून टेकू देण्याचं काम हाच भाव करतो. हा टेकू वर-खाली झाला, की कुठल्या यंत्रानं आणखी पाच वर्षं शेतात राबायचं आणि कुठल्यानं गॅस कटरखाली जायचं, हे ठरतं. गोठ्यामागे उभ्या असलेल्या आपल्या लोखंडाचं जालन्याच्या भट्टीशी आणि पार तुर्कस्तानच्या बंदराशी काय नातं आहे, त्याविषयी आज आपल्याशी बोलायचं आहे.

मी विमा सर्वेक्षक आहे. ट्रॅक्टर उलटला, विहिरीत गेला, पेटत्या उसाच्या फडात सापडला, म्हणजे नुकसान किती झालं हे ठरवायला आमच्यासारख्यांना बोलावतात. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या ७५ टक्क्यांहून जास्त निघाला, तर वाहन पूर्ण गेलं असं धरतात. मग उरलेल्या सांगाड्याची किंमत काढावी लागते. आमच्या धंद्यात तिला 'सॅल्व्हेज' म्हणतात. ती कुठल्या पुस्तकात छापलेली नसते, ती भंगारवाल्याच्या तोंडी असते. त्यामुळे लोक सकाळी पेपरात सोन्याचा भाव बघतात, तसा मी गेली कित्येक वर्षं फोन करून भंगाराचा भाव विचारतो. घरचे हसतात. हसोत.

विमा कंपन्यांच्या तक्त्याप्रमाणे वाहनाची किंमत दर वर्षी उतरते. चार वर्षं होऊन पाचवं चालू असेल, तर ५० टक्के घसारा धरतात. पुढे तर दोघांनी मिळून ठरवायची गोष्ट. कागदावर किंमत अशी उतरत जाते, पण ट्रॅक्टरचं वजन काही उतरत नाही. वीस वर्षांनीही ते जवळपास तेवढंच भरतं. सगळी गोम इथे आहे.

पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पावणेदोन ते दोन टनांचा असतो. त्यातलं लोखंड सगळं एका जातीचं नसतं. इंजिनाचा ब्लॉक, गिअरबॉक्सचं घर, मागच्या धुऱ्याचं आवरण, पुढे अडकवलेली वजनं हे सगळं बीड. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आपल्या घरातल्या बिडाच्या तव्याचं. त्यात कार्बन जास्त असतो, ते गॅसनं नीट कापलं जात नाही, घणानं फोडावं लागतं. सळई करणाऱ्या भट्टीपेक्षा ओतकामाच्या फौंड्रीला त्याची गोडी जास्त. कोल्हापूर आणि बेळगाव ही त्याची मोठी गिऱ्हाइकं. गिअर, शाफ्ट, धुरे हे पोलाद. बॉनेट आणि मडगार्ड म्हणजे पत्रा, तो हलका, गंजका, म्हणून त्याचा भाव कमी. जुन्या रेडिएटरात तांबं-पितळ सापडतं, नव्यात अ‍ॅल्युमिनियम. डायनॅमो आणि स्टार्टरमध्ये तांबं, बॅटरीत शिसं. टायर तर लोखंडात धरायचेच नाहीत. पण मागच्या टायरांत पाणी भरलेलं असेल, तर काट्यावर तेही लोखंडाबरोबर चढतं आणि हे भंगारवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो शेतकऱ्याला 'सरसकट' भाव सांगतो. स्वतः मात्र कधीच सरसकट विकत नाही. बीड वेगळं, जाड लोखंड वेगळं, पत्रा वेगळा आणि तांब्याची तर पिशवीच वेगळी.

आता एक हिशोब करू. आकडे मी सोयीसाठी धरतो आहे, तुम्ही आपल्या भागातले घाला. एक जुना ट्रॅक्टर बंद पडून झाडाखाली उभा आहे. टायर, तेल, पाणी वजा करून त्यात पंधराशे किलो लोखंड आहे. इंजिन बांधून, क्लच बदलून, टायर घालून तो चालू करायला ऐंशी हजार रुपये लागतील. चालू झाल्यावर बाजारात त्याला एक लाख वीस हजार येतील. म्हणजे आज, बंद स्थितीत, तो दुरुस्त करून विकणाऱ्या मिस्त्रीला जास्तीत जास्त चाळीस हजारांना परवडतो. भंगाराचा भाव किलोला २२ रुपये असेल, तर लोखंडाचे होतात तेहतीस हजार. मिस्त्री जास्त देतो, ट्रॅक्टर जगतो. भाव ३० रुपये झाला, तर लोखंडाचे होतात पंचेचाळीस हजार. मिस्त्री मागे सरतो आणि भंगारवाला पुढे येतो. ट्रॅक्टर तोच, मालक तोच, यंत्रात कालपासून आजपर्यंत काही बिघडलेलं नाही. मधे फक्त सत्तावीस रुपयांची एक रेघ होती, ती भावानं ओलांडली.

प्रत्येक जुन्या यंत्राची अशी एक रेघ असते. नव्या, चालू ट्रॅक्टरची रेघ इतकी वर असते, की भंगार कितीही चढलं तरी तिथवर पोहोचत नाही. पाच वर्षं वापरलेला ट्रॅक्टर साडेतीन-चार लाखांना जात असेल, तर किलोमागे पाच-दहा रुपये वाढल्यानं त्याच्या मालकाची झोप उडायचं कारण नाही. झळ लागते ती तळाशी असलेल्यांना. आणि तळाशी फक्त म्हातारे ट्रॅक्टर नसतात, साधी अवजारंही असतात. नऊ फणांचा कल्टिव्हेटर घ्या. दोन-सव्वादोनशे किलो लोखंड, त्यात ना गिअर ना बेअरिंग. जुना झाला की त्याची बाजारातली किंमत आणि वजनाची किंमत यांत फारसं अंतर राहत नाही. ट्रॉलीचा सांगाडा, तव्यांचा कुळव, साधा नांगर यांचंही तेच. रोटाव्हेटरचं तसं नाही. त्यात गिअरबॉक्स आहे, चेन किंवा गिअरची बाजू आहे, ते चालू असेल तर लोखंडाच्या कितीतरी पट मोल आहे आणि नसेल तर एकदम खाली येतं. यंत्रात कारागिरी जितकी जास्त, तितकं ते भंगाराच्या भावापासून लांब राहतं.

तरीही खेड्यातला भंगारवाला सगळंच वितळवायला पाठवत नाही, हे सांगायला हवं. त्याच्या आवारात एक कोपरा वेगळा असतो. तिथे चॅनेल, अँगल, पाइप, जाड प्लेट अशी 'वापरायची' लोखंडं असतात. गावातला वेल्डिंगवाला येतो, ट्रॉलीचा जुना चॅनेल निवडतो, किलोला भट्टीच्या भावापेक्षा चार-सहा रुपये जास्त मोजतो आणि त्याचं गेट किंवा दुसरी ट्रॉली करतो. म्हणून अवजार विकताना ते अख्खं, वाकवल्या-कापल्याशिवाय विकणं फायद्याचं. नेण्याच्या सोयीसाठी स्वतःच तुकडे करून देणारे शेतकरी मी पाहिले आहेत. भंगारवाल्याची मजुरी तेवढी वाचते, दुसरं काही होत नाही.

भाव मुळात हलतो कशानं? आपल्याकडचं वितळवायचं लोखंड बहुतेक करून इंडक्शन भट्ट्यांकडे जातं. मराठवाड्यात बियाण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं जालना या भट्ट्यांचंही मोठं केंद्र आहे. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न एकत्र वितळवून घरबांधणीची सळई करतात. भंगार महागलं की भट्टीवाला स्पंज आयर्न जास्त घालतो, ते महागलं की उलट. तेव्हा खनिजाचा आणि कोळशाचा भाव इथे पहिल्यांदा शिरतो. भट्टी विजेवर चालते, म्हणून विजेचा दर शिरतो. सळईला मागणी बांधकामाची. पावसाळ्यात बांधकामं मंदावली, की साधारणपणे भावही मऊ पडतो. शिवाय देशातलं भंगार पुरत नाही म्हणून बाहेरून येतं. ते डॉलरमध्ये घ्यायचं, म्हणून रुपया घसरला की इथलं भंगार आपोआप चढतं. जगात सर्वात जास्त भंगार आयात करतो तुर्कस्तान. तिकडे काय भावानं जहाज उतरलं, यावर जगभरचे व्यापारी डोळा ठेवून असतात. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पोलादी भंगारावरचं आयात शुल्क शून्यावर आणलं, ते याच टंचाईपायी.

ही साखळी लांब असली, तरी तिच्यातून बातमी फार वेगानं धावते. भट्टीनं टनाला हजार रुपये कमी केले, की संध्याकाळपर्यंत तालुक्याचा व्यापारी किलोला रुपया कमी करतो आणि दुसऱ्या दिवशी गावात फिरणारा टेम्पोवाला दोन रुपये. चढताना मात्र टेम्पोवाल्याला बातमी जरा उशिरा कळते. यात कुणी कुणाला लुबाडतो असंच नाही. मधल्या माणसाच्या अंगणात माल पडून असतो, भाव उतरला तर त्याचंही नुकसान होतं, म्हणून तो आधीच हात राखून असतो. पण शेतकऱ्यानं हे ओळखून असावं.

२००८ साल मला चांगलं आठवतं. चीनमध्ये बांधकामांचा धडाका होता, ऑगस्टमध्ये बीजिंगचं ऑलिंपिक होतं, पोलादाची भूक भागत नव्हती. भाव जुलैपर्यंत चढतच गेला. त्या उन्हाळ्यात गावागावांतून जुनी ऑइल इंजिनं टेम्पोत भरून जाताना दिसत. ही इंजिनं म्हणजे आपल्या बागायतीचा एक काळ होता. किर्लोस्करांची, साताऱ्याच्या कूपरची, संथ ठोके देणारी, मोठ्या चाकांची. विहिरीवर वीज आली, इंजिनं बंद पडली, पण शेतकऱ्यानं ती विकली नाहीत. वीज जाते, म्हणून असू दे. मग त्यांच्यावर वेल चढले, कोंबड्या बसायला लागल्या. एकेक इंजिन तीनशे किलोच्या घरात आणि बहुतेक सगळं बीड. भाव चढला आणि तीस-चाळीस वर्षांची ती अडगळ एका हंगामात हलली. गुऱ्हाळांचे जुने चरक गेले, काहिली गेल्या. मग सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक बुडाली आणि दोन-तीन महिन्यांत भंगाराचा जागतिक भाव निम्म्याहून खाली आला. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातले कित्येक व्यापारी चढ्या भावानं घेतलेला ढीग पुढ्यात ठेवून बसले होते. नवं काही घ्यायलाच तयार नव्हते. ज्यांनी वैशाखात इंजिन विकलं त्यांना भाव मिळाला, ज्यांनी 'अजून चढेल' म्हणून ठेवलं त्यांच्या कोंबड्यांची सोय कायम राहिली.

गंमत अशी, की अशा तेजीनंतर काही महिन्यांनी वेगळीच टंचाई येते. ती सुट्या भागांची. जुना ट्रॅक्टर चालू ठेवायचा, तर त्याच जातीचा एखादा मेलेला ट्रॅक्टर कुठेतरी शिल्लक असावा लागतो. एचएमटीचं उदाहरण घ्या. झेटर या चेकोस्लोव्हाकियाच्या कंपनीशी करार करून १९७१ मध्ये एचएमटीनं हरियाणात पिंजोरला ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. दणकट यंत्र. महाराष्ट्रातही त्याचे चाहते होते, अजून आहेत. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. आता तो ट्रॅक्टर वापरणाऱ्याला एखादा मोठा गिअर किंवा हायड्रॉलिकचा भाग मूळचा हवा असेल, तर तो बहुधा भंगाराच्या आवारातूनच येतो. भंगाराला तेजी आली, की असे उभे सांगाडे भराभर फुटतात. पहिले दोन-तीन महिने सुटे भाग मुबलक आणि स्वस्त मिळतात. व्यापाऱ्याला एकेक भाग फळीवर मांडून गिऱ्हाइकाची वाट बघण्यापेक्षा तो काट्यावर टाकून आजच पैसा करणं बरं वाटतं. एकदा ते वितळलं, की वर्षभरानं तोच भाग शोधत तीन जिल्हे फिरावं लागतं. अशा वेळी चालू स्थितीतला ट्रॅक्टरसुद्धा एका गिअरपायी झाडाखाली जातो. भंगाराचा भाव उतरल्यावर तो माणूस वाचेल असं नाही, कारण सांगाडे तोवर सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेलेले असतात.

लोखंडाचं असं रूप पालटणं आपल्याला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला, पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे तोफेचा नांगर झाला. त्यातले काही नांगर पुढे भंगारात जाऊन आणखी कशाचे काय झाले असतील, कोण जाणे.

आता जरा माझ्या कामाकडे येतो. २०२२ च्या मार्चमध्ये सोलापूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उसाच्या पाचटाच्या आगीत जळाला. टायर, वायरिंग, सीट, टाकी, सगळं गेलं. इंजिनही तापून खराब झालं. विमा होता. पूर्ण नुकसान धरलं गेलं. अशा वेळी दोन वाटा असतात. सांगाडा विमा कंपनीकडे सोपवायचा आणि पूर्ण रक्कम घ्यायची, नाहीतर सांगाडा आपल्याकडे ठेवायचा आणि त्याची किंमत रकमेतून वळती करून घ्यायची. रशिया-युक्रेन युद्ध फेब्रुवारीत सुरू झालं होतं आणि पोलादाबरोबर भंगारही कडाडलं होतं. एप्रिलमध्ये सांगाड्याला सर्वात वरची बोली आली अठ्ठावन्न हजारांची. शेतकरी वयानं मोठे, मी त्यांना तात्या म्हणायचो.

"साहेब, सांगाडा माझ्याकडंच ठेवतो," ते म्हणाले. "दर महिन्याला भाव वाढतोय. जूनमध्ये पेरणीला पैसा लागंल, तवा काढीन."

"तात्या, अठ्ठावन्न हजार आजच वळते होणार. उद्या भाव पडला तर तो तोटा तुमचा."

"लोखंड कुठं पडतंय?"

त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर भाव चढतच आलेला होता. पण २०२२ च्या मे महिन्यात महागाई आवरण्यासाठी केंद्र सरकारनं पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. बाहेर जाणारं पोलाद देशात अडकलं, इथले भाव घसरले, त्यामागोमाग भंगारही घसरलं. जूनच्या अखेरीस तात्यांनी सांगाडा विकला, तो पंचेचाळीस हजारांना. तेरा हजारांचा फटका. पेरणीच्या दिवसांत तेरा हजार म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याच्या किती पिशव्या, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते शुल्क सरकारनं नोव्हेंबरमध्ये काढूनही टाकलं, पण तात्यांचा सांगाडा तोवर कुठल्या तरी भट्टीत गेलेला होता. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ज्याला विशिष्ट तारखेला पैसा लागणार आहे, त्यानं भंगारावर सट्टा खेळू नये. ते काम ज्याच्याकडे रिकामी जागा आणि रिकामा पैसा आहे, त्याचं.

आतापर्यंत मी बाजाराच्या तळाबद्दल बोललो. पण जुन्या यंत्राच्या किमतीला वरूनही एक झाकण असतं. ते म्हणजे नव्या यंत्राची किंमत. नवं महागलं की जुन्याला मागणी येते. पोलाद महागलं की दोन्ही एकदम वर सरकतात, फक्त वेग वेगळा असतो. भंगार आठवड्यात चढतं, कंपनीचं किंमतपत्रक बदलायला महिने लागतात. मधल्या काळात जुन्या अवजारांच्या बाजारात थोडा गोंधळ असतो. विकणारा भंगाराच्या भावाकडे बोट दाखवून जास्त मागतो, घेणारा नव्याच्या जुन्याच किमतीशी तुलना करून कमी देतो.

वरचं झाकण कसं खाली येतं, हे आपण नुकतंच पाहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करासह आठ लाखांना मिळणारा ट्रॅक्टर, बाकी काही न बदलता, साडेसात लाखांवर येतो. पन्नास हजारांचा फरक, म्हणजे मघाच्या हिशोबातल्या एका अख्ख्या जुन्या ट्रॅक्टरच्या लोखंडापेक्षाही जास्त. नवा घेणाऱ्याला आनंद. पण तीन-चार वर्षांचा ट्रॅक्टर विकायला काढलेल्याच्या अंगावर हा फरक येतो, कारण गिऱ्हाईक म्हणतं, नवाच स्वस्त झालाय. भंगाराचा तळ जागेवर, वरचं झाकण खाली, मधली जागा आकसली. अवजारांवरच्या सरकारी अनुदानानंही हेच होतं. अनुदान मंजूर झालेल्याला नवा रोटाव्हेटर कमी पैशांत मिळतो, मग शेजाऱ्याचा जुना कोण पूर्वीच्या भावानं घेणार? अनुदान नको असं मी म्हणत नाही. जुन्याचा भाव ठरवताना ते हिशोबात धरा, एवढंच.

एका अफवेबद्दलही बोलायला हवं, कारण तिच्यापायी लोकांनी चांगले ट्रॅक्टर विकलेले आहेत. 'दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सरकार सक्तीनं भंगारात काढणार' असा मजकूर मोबाइलवरून फिरला होता. केंद्रीय परिवहन मंत्रालयानं २०२३ मध्ये तो खोटा असल्याचं जाहीर केलं. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांची असते आणि नंतर एकेका वेळी पाच वर्षांसाठी तिचं नूतनीकरण करता येतं. १ एप्रिल २०२५ पासून मुदत संपलेल्या वाहनांबाबत जे पर्यावरणाचे नियम लागू झाले, त्यांतूनही शेतीचे ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्या, कापणी-मळणी यंत्रं आणि पॉवर टिलर वगळलेले आहेत. तेव्हा कुणी व्यापारी दारात येऊन 'आता नाही दिला तर फुकट जाईल' म्हणाला, तर त्याला पाणी द्यावं आणि वाटेला लावावं.

भाव चढला की आणखी एक गोष्ट वाढते, ती चोरी. कोल्हापुरी बंधाऱ्याचे लोखंडी बर्गे पावसाळ्याआधी काढून नदीकाठी रचून ठेवतात. ते रातोरात गायब झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. पंधरा-वीस हजारांच्या लोखंडासाठी बंधाऱ्याला पाणी अडवता येत नाही आणि काठावरच्या रब्बीला फटका बसतो. मोटारीतलं तांबं काढायला अख्खी मोटार फोडतात. चोराला किलोचा भाव मिळतो, शेतकऱ्याचं नुकसान हंगामाचं होतं.

चोरीवरून कागदांचा विषय निघतो. ट्रॅक्टर भंगारात देताना बहुतेक जण नोंदणी पुस्तक तसंच घरात ठेवतात, नाहीतर मागितलं म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकतात. हे दुसरं फार धोक्याचं. मेलेल्या ट्रॅक्टरचे कागद आणि चासीवरचा नंबर वापरून चोरीचा ट्रॅक्टर रस्त्यावर आणण्याचे प्रकार होतात आणि मग पोलीस कागदावरच्या मालकाकडे येतात. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निकामी झालं, तर मालकानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी प्रमाणपत्र जमा करायचं असतं. त्याआधी बँकेचा बोजा उतरलेला असायला हवा. वजन सार्वजनिक काट्यावर करून पावती घ्या. बॅटरी, रेडिएटर, स्टार्टर आधी उतरवून घ्या आणि टायरमधलं पाणी सोडून द्या. चासीचा नंबर पाडलेला लोखंडाचा तुकडा कापल्यावर आपल्या समोर वेगळा काढायला सांगा आणि आरटीओचं काम पुरं होईपर्यंत तो घरी ठेवा. भंगारवाला अर्ध्या किलोसाठी कुरकुरेल, त्याला त्याचे पंधरा रुपये देऊन टाका.